शब्दाचा धनी कोण?

कुणाचे तरी वाक्य आपल्यापर्यंत येते. त्यात सांगितलेली गोष्ट आपण पाहिलेली नसते, अनुमानाने तिथवर पोहोचण्याची सोय नसते. हाती असतो तो फक्त शब्द. अशा शब्दावर विसंबून वागावे का, आणि वागायचे तर कशाच्या आधारावर, यावर भारतीय दर्शनांनी दीड हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला. चार्वाकांनी शब्दाला प्रमाण मानायचेच नाकारले. वैशेषिकांनी आणि दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे ठेवली आणि शब्दाला अनुमानाच्या पोटात घातले. नैयायिकांनी त्याला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला, पण सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असला पाहिजे ही अट घातली. मीमांसकांचे म्हणणे असे की ज्ञान उपजतच प्रमाण असते; ते खोटे ठरवायचे तर त्यासाठी वेगळे कारण दाखवावे लागते. हा वाद जुन्या पोथ्यांत संपला असे ज्यांना वाटते त्यांनी आपली ई-मेलची पेटी उघडून पाहावी. बँकेचे, शाळेचे, एखाद्या देवस्थानाचे नाव धारण करून येणारे प्रत्येक पत्र तोच प्रश्न घेऊन येते. त्या प्रश्नाचे आजचे उत्तर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदींमध्ये आहे. संगणकवाल्याचे काम म्हणून या नोंदी बहुधा बाजूला पडतात. माझे म्हणणे असे आहे की आपल्या डोमेनसाठी त्या करून ठेवणे हा सत्य या व्रताचाच एक भाग आहे, आणि त्या न करणाऱ्याने स्वतः कधी खोटे बोलले नसले तरी दुसऱ्याच्या खोट्याला त्याने आपले नाव उघडे ठेवलेले असते.

ई-मेलची मूळ रचना पाहिली तर ती मीमांसकांच्या बाजूची दिसते. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये एसएमटीपी हा टपालाचा नियमग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा जाळ्यावर जेमतेम काहीशे संगणक होते आणि ते विद्यापीठे, प्रयोगशाळा, लष्करी संस्था यांचे होते. एका संगणकाने दुसऱ्याला सांगायचे की अमक्याकडून पत्र आणले आहे, आणि दुसऱ्याने ते घ्यायचे. 'अमक्याकडून' हे खरे कशावरून, असे विचारण्याची तरतूदच त्या संवादात नव्हती. शिवाय पत्राला दोन नावे असतात: एक लिफाफ्यावरचे, जे यंत्रे एकमेकांना सांगतात आणि वाचणाऱ्याला सहसा दिसत नाही, दुसरे आतल्या मजकुराच्या माथ्यावरचे, जे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. या दोन्ही जागी पाठवणाऱ्याने लिहावे ते नाव बसते. शंका यायला कारण घडेपर्यंत प्रत्येक पत्र प्रमाण मानायचे, हा स्वतःप्रामाण्यवाद त्या यंत्रणेच्या हाडामांसात होता. त्याला भाबडेपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. परस्परांना ओळखणाऱ्यांच्या छोट्या समूहात विश्वास हीच सुरुवात असते आणि असावी. पण काहीशे संगणकांचे कोट्यवधी झाले, आणि अनोळखी माणसांच्या या बाजारातही पत्र घेण्याची रीत मात्र तीच राहिली.

मीमांसकांची भूमिका तिच्या सर्वांत बळकट रूपात घेतली पाहिजे, कारण या नोंदींवरचा सर्वांत खोल आक्षेप तिथूनच येतो. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा: ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून आणावे लागत असेल, तर ते प्रामाण्य देणाऱ्या ज्ञानालाही आणखी तिसऱ्याचा आधार लागेल, त्याला चौथ्याचा, आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही. म्हणून ज्ञान स्वतःच प्रमाण धरावे आणि दोष आढळला तरच टाकून द्यावे. पण याच ठिकाणी कुमारिल पुढे काय म्हणतात ते महत्त्वाचे आहे. शब्दाच्या अंगी मुळात दोष नसतो. दोष येतो तो बोलणाऱ्याकडून, त्याच्या अज्ञानातून किंवा लबाडीतून. वेदाला कोणी कर्ताच नाही, म्हणून त्याच्यात दोष शिरायला जागा नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वेदाचे अपौरुषेयत्व मान्य करा किंवा करू नका, या युक्तिवादाची दुसरी बाजू नाकारता येत नाही: माणसाच्या शब्दाला कर्ता असतो, आणि त्या शब्दातले दोष शोधायचे तर कर्त्यापर्यंत जावे लागते. खोट्या नावाने आलेले पत्र नेमकी हीच वाट बंद करते. त्याला कर्ता तर आहे, पण तो दडलेला आहे. दिसतो तो दुसराच. म्हणजे दोष पाहिल्यावर शब्द टाकून द्यायचा हा मीमांसकांचा नियम पाळायलाही बोलणारा कोण हे आधी कळायला हवे. नैयायिक आणि मीमांसक वेदाच्या बाबतीत कितीही भांडोत, माणसाच्या पत्राच्या बाबतीत दोघांनाही याच पायरीवर यावे लागते.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा वाटू नये. आपल्या संतवाङ्मयात कवीचे नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात, मजकुराच्या आतच गुंफलेले असते. गाणाऱ्याच्या तोंडी ते टिकते, हे त्याचे बळ. पण कुणीही रचना करून त्यात तेच नाव घालू शकतो, ही त्याची उणीव. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा यांचे अभंग मिसळले गेले आहेत, आणि कोणता अभंग कोणाचा हे भाषेवरून, संदर्भांवरून ठरवण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. विष्णुदासांनी कुणाला फसवले असे मुळीच नाही. 'नामा' ही त्यांचीही मुद्रा होती. नाव मजकुरातच असले आणि त्याची खातरजमा करण्याची जागा बाहेर कुठे नसली, की प्रामाणिक माणसांतही घोटाळा होतो. ज्ञानेश्वरीत नकलाकारांच्या हातून आणि काहींच्या हौसेतून इतके पाठभेद आणि जादा ओव्या शिरल्या की एकनाथांना शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. तोवर ज्ञानदेवांच्या समाधीला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती. हे काम एकनाथांनाच करावे लागले, कारण ज्याचे शब्द होते त्याला आपल्या नावावर पुढे काय खपेल यावर काही इलाज करता येण्याजोगा नव्हता. आपल्याला तो करता येतो, आणि तेव्हाच्या व आताच्या जबाबदारीतला फरक मला इथे दिसतो.

हा इलाज कसा आहे ते नीट पाहायला हवे, कारण त्याच्या रचनेतच त्याचा विचार आहे. प्रत्येक डोमेनसाठी डीएनएस या सार्वजनिक नोंदवहीत काही ओळी लिहिता येतात आणि त्या जगातल्या कुणालाही वाचता येतात. एसपीएफ ही त्यातली पहिली ओळ. आपल्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे याची ती यादी असते, आणि यादीच्या शेवटी बाकीच्यांचे काय करावे हे लिहिलेले असते. मात्र एसपीएफ तपासते ते लिफाफ्यावरचे नाव. डीकिममध्ये पाठवणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावर आणि निवडक शीर्षकांवर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. त्या किल्लीची जोडीदार असलेली उघड किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते, आणि वाटेत एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. शिवकालीन पत्रांत माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर जिथे संपे तिथे मोर्तब होई, म्हणजे खाली कुणी चार ओळी वाढवू नयेत. डीकिममध्येही मजकुराच्या ठरावीक लांबीपर्यंतच सही करण्याची एक मुभा आहे, आणि ती वापरली की शेवटी हवे ते जोडायला वाट मिळते. म्हणून जाणकार ती मुभा वापरू नका असेच सांगतात. मोर्तब ज्यांनी रूढ केले त्यांना ही वाट आधीच दिसली होती. तरीही या दोन नोंदींनी काम पुरे होत नाही. लबाड माणूस स्वतःच्या डोमेनचे एसपीएफ, स्वतःच्या डोमेनचे डीकिम चोख ठेवून वाचणाऱ्याला दिसणाऱ्या जागी बँकेचे नाव लिहू शकतो. 2012 च्या जानेवारीत गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल आदी कंपन्यांनी मिळून पुढे आणलेल्या डीमार्कने ही फट बुजवली. जे नाव तपासले गेले आणि जे नाव डोळ्यांना दिसते ती दोन्ही एकच असली पाहिजेत, ही त्याची मुख्य अट. अट मोडली तर काय करायचे हेही डोमेनचा मालकच सांगतो: 'नन' म्हणजे काही करू नका, मला फक्त कळवा, 'क्वारंटाइन' म्हणजे संशयिताच्या खणात टाका, 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत पाठवा.

आता कर्तव्याचा मुद्दा. शब्दाची पारख करणे हे ऐकणाऱ्याचे काम, असे आपण सहसा धरून चालतो. 'सावध राहा, अनोळखी दुवे उघडू नका' ही सगळी शिकवण ऐकणाऱ्यालाच असते. पण पत्र मिळालेल्या माणसाच्या हाती पारख करायला काय असते? पत्र कोणत्या सर्व्हरवरून निघाले हे त्याच्या यंत्राला दिसते; तो सर्व्हर त्या संस्थेचाच आहे की नाही हे त्याला कधीच कळू शकत नाही. ते जगात एकालाच ठाऊक असते, डोमेनच्या मालकाला. जी माहिती फक्त माझ्यापाशी आहे, जी नसल्यामुळे दुसरा फसतो, आणि जी सांगायला मला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, ती सांगण्याची जबाबदारी माझी आहे. तिला मी कृपा म्हणू शकत नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्याची जी चर्चा आहे ती इथे फार उपयोगी पडते. आपले ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणून वाणी असते. म्हणून ती फसवी नसावी, भ्रमातून आलेली नसावी आणि ऐकणाऱ्याला बोध न होणारीही नसावी, असा त्या विवेचनाचा आशय आहे. म्हणजे मी मनात खरे आहे तेच बोललो एवढ्यावर सत्य पुरे होत नाही. ते दुसऱ्यापर्यंत सत्य म्हणून पोहोचेल याची काळजीही त्यात येते. ज्या संस्थेने या नोंदी केल्या नाहीत तिचे खरे पत्र 'स्पॅम'च्या खणात पडते आणि तिच्या नावाचे खोटे पत्र वाचले जाते. दोन्हीकडून बोध बिघडतो. या विचाराचे टोक मला अशा डोमेनमध्ये दिसते ज्याच्यावरून कधीच पत्र जात नाही. कुणीतरी भविष्यात लागेल म्हणून घेतलेले नाव, बंद पडलेल्या उपक्रमाचे नाव. त्याला नोंदींची काय गरज, असे वाटते. प्रत्यक्षात अशाच नावाला त्यांची सर्वांत अधिक गरज असते. एसपीएफमध्ये 'कुणालाही अधिकार नाही' आणि डीमार्कमध्ये 'रिजेक्ट' असे लिहिले की ते नाव जाहीरपणे मौन धारण करते. मौन पाळणाऱ्याने ते जाहीर केले नाही, तर त्याच्या नावाने इतर बोलत राहतात.

सर्वांत सरळ आक्षेप असा की ओळख पटली म्हणून बोलणे खरे ठरत नाही. याचा धडधडीत पुरावा 13 नोव्हेंबर 2021 रोजी मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, तिच्या खऱ्या डोमेनच्या पत्त्याने, तुमच्यावर मोठा सायबरहल्ला झाला आहे अशी खोटी सूचना निदान एक लाख पेट्यांत जाऊन पडली. त्या संस्थेच्या एका संकेतद्वारातल्या चुकीच्या मांडणीचा कुणीतरी फायदा घेतला होता. पत्रे एसपीएफच्या कसोटीला उतरली, डीकिमची सहीही जुळली. खोटे होते ते फक्त आतले म्हणणे. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनांनी आप्ताचे जे वर्णन केले आहे त्यात दोन गोष्टी आहेत: सांगायच्या विषयाचे त्याला साक्षात ज्ञान हवे, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा हवी. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखीच लागू आहे असेही ते सांगतात. अधिकार जन्माने किंवा पदाने येत नाही. या दोन्ही अटींपैकी एकही अट डीमार्क तपासत नाही, तपासू शकणार नाही. मग त्याचे मोल काय? मोल हे की या दोन अटी कोणाला लावायच्या ते त्याच्यामुळे कळते. आप्त आहे की अनाप्त, ज्ञानी आहे की लोभी, हे प्रश्न कुणा एका माणसाविषयी किंवा संस्थेविषयीच विचारता येतात. एफबीआयच्या घटनेत खोटे पत्र कोणत्या दारातून निघाले हे काही तासांतच कळले, दार बंद झाले आणि संस्थेला जाहीरपणे खुलासा करावा लागला. तेच पत्र नुसते नाव उसने घेऊन आले असते तर संस्था हात झटकून मोकळी झाली असती, आणि तिचे काही चुकलेही नसते. ओळख पटल्यामुळे खोटे थांबले नाही हे मान्य. पण त्या खोट्याची जबाबदारी कुठे येऊन पडते हे ठरले.

अनवस्थेचा, म्हणजे कुठेच न थांबणाऱ्या साखळीचा, आक्षेप अधिक अवघड आहे. डीकिमची किल्ली डीएनएसमध्ये आहे. पण डीएनएसने दिलेले उत्तर खरे कशावरून? 2008 मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिले की त्या उत्तरांत खोटी उत्तरे घुसवणे समजत होते त्याहून पुष्कळ सोपे आहे. त्यावर उपाय म्हणून डीएनएसच्या उत्तरांवरही सह्या करण्याच्या, आधीच आखलेल्या योजनेला वेग आला. त्या सह्यांवर वरच्या पातळीच्या सह्या, आणि सर्वांच्या मुळाशी एक मूळ किल्ली, जी 2010 च्या जुलैपासून वापरात आली. ती कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातल्या कल्पेपर येथे कडेकोट ठेवलेली असते. वर्षातून साधारण चारदा निरनिराळ्या देशांतून आलेल्या विश्वस्तांच्या साक्षीने, एकेक पायरी मोठ्याने वाचून, चित्रीकरण सर्वांसाठी खुले ठेवून ती बाहेर काढतात. म्हणजे गणिताच्या इतक्या पायऱ्या चढून आपण शेवटी काही माणसांच्या सचोटीपाशीच येतो. कुमारिलांनी हेच सांगितले होते, असे कुणी म्हटले तर ते खोडून काढता येणार नाही. पण यातून परीक्षा व्यर्थ ठरते असे मात्र निघत नाही. नैयायिकांनी अनवस्थेला उत्तर देताना परीक्षेची हद्द शंकेच्या हद्दीशी जोडली. वाचस्पती मिश्रांनी मान्य केले की काही ज्ञाने अशी असतात जिथे शंकेलाच जागा उरत नाही, आणि तिथे पुढची परीक्षा मागण्याचे कारण नाही. उदयनाचार्यांनी अनुमानाच्या संदर्भात म्हटले की शंका आपल्याच वागण्याशी विसंगत होऊ लागली की ती संपली असे धरावे. ई-मेलच्या पूर्वीच्या रचनेत प्रत्येक पत्रावर स्वतंत्र शंका होती आणि तिचे निरसन करण्याचे ठिकाणच नव्हते. आता कोट्यवधी पत्रांवरच्या शंका थोड्या, ठाऊक असलेल्या, सर्वांना पाहता येणाऱ्या जागी येऊन थांबतात. विश्वास ठेवावा लागतोच. पण तो कुठे ठेवला आहे हे आपल्याला दाखवता येते, आणि तिथे पहारा ठेवता येतो.

सत्तेचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. 2024 च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना, जीमेलच्या बाबतीत दिवसाला 5,000 किंवा अधिक, या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. त्याच्या दहा वर्षे आधी, 2014 च्या एप्रिलमध्ये, याहूने आपल्या डोमेनवर 'रिजेक्ट' लावले तेव्हा जगभरचे चर्चागट विस्कळीत झाले होते. गटाचा सर्व्हर सभासदाचे पत्र पुढे पाठवताना त्याला तळटीप जोडतो, सही तुटते, आणि ज्यांनी काहीच वावगे केले नव्हते त्यांची पत्रे परत येऊ लागली. एकाने आपल्या नावाचे रक्षण केले आणि त्याची झळ निरपराधांना लागली. ती झळ खरी होती आणि चर्चागटांना आपल्या रीती बदलून ती सोसावी लागली. हे लपवून या नोंदींची तरफदारी करणे बरे नव्हे. तरी इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. नोंद करायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत, नियम सर्वांसाठी खुले आहेत, आणि गावातल्या वाचनालयाने लिहिलेली ओळ बँकेने लिहिलेल्या ओळीइतकीच वजनदार असते. या अर्थाने ही व्यवस्था वात्स्यायनांच्या कसोटीसारखीच जात-पद न पाहणारी आहे. अन्याय होतो तो पुढच्या पायरीवर. ओळख पटल्यानंतरही कोणाचे पत्र कोणत्या खणात टाकायचे हे मोजक्या कंपन्या आपल्या न सांगितलेल्या हिशोबाने ठरवतात. लढायचे तर तिथे लढावे. आपले नाव आपण सिद्ध न करता ठेवल्याने त्या कंपन्यांची सत्ता कमी होत नाही. आपली तक्रार मात्र कमकुवत होते, कारण मग पत्र टाकून देण्याचे सबळ कारण आपणच त्यांना पुरवलेले असते.

उरला तो नकाराच्या हक्काचा प्रश्न. 2016 मध्ये विकिलीक्सने अमेरिकी राजकीय सल्लागार जॉन पोडेस्टा यांची चोरीला गेलेली पत्रे प्रसिद्ध केली तेव्हा त्यातली अनेक अस्सल आहेत हे डीकिमच्या सह्यांवरून कुणालाही तपासता आले. पत्र पोहोचवताना खातरजमा व्हावी म्हणून केलेली सही पुढे कायमचा पुरावा बनली. खासगी पत्रात माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि ते चोरीला गेले तर 'हे माझे नाही' म्हणण्याची त्याला आजवर सोय होती, ती गेली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले गुप्तलेखनाचे अभ्यासक मॅथ्यू ग्रीन यांनी 2020 मध्ये गूगलला सुचवले की किल्ल्या वरचेवर बदला आणि जुन्या झालेल्या गुप्त किल्ल्या स्वतःच जाहीर करा; म्हणजे जुनी सही कुणीही करू शकेल आणि तिचे पुराव्याचे मोल संपेल. मला ही सूचना धर्माला धरून वाटते. पत्र दारात आले त्या क्षणी 'हे कुणाचे?' या प्रश्नाचे उत्तर देणे वक्त्याचे कर्तव्य आहे. पुढे आयुष्यभर चोराच्या हातात साक्ष देत राहणे हे कर्तव्य नव्हे. किल्ली मुळात बळकट हवी हेही ओघाने आलेच. 2012 मध्ये एका गणितज्ञाने गूगलचीच 512 बिटांची डीकिम किल्ली फोडून दाखवली, आणि त्यानंतर त्या कंपनीने 2048 बिटांची किल्ली घेतली.

डीमार्कचा 'नन' हा टप्पा आरंभासाठी आहे आणि तो टाळू नये. त्या काळात रोज जे अहवाल येतात त्यांतून संस्थेला स्वतःची ओळख होते: हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून जाणारी बिले, देणगीदारांना पावत्या पाठवणारी सेवा, माजी कर्मचाऱ्याने सुरू करून विसरलेले बातमीपत्र. आपल्या नावाने कोण कोण बोलते हे मालकालाच नीट ठाऊक नव्हते असे पुष्कळदा निघते. पण वर्षानुवर्षे 'नन'वर थांबणे म्हणजे आपल्या नावाने चाललेली लबाडी रोज अहवालात वाचायची आणि गप्प बसायचे. ज्ञान झाल्यावरही न बोलण्याचा हा दोष अज्ञानापेक्षा मोठा आहे. अमेरिकी सरकारने 2017 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या नागरी खात्यांना 'रिजेक्ट'पर्यंत पोहोचायला एक वर्षाची मुदत दिली होती. शाळेला किंवा सहकारी पतसंस्थेला तेवढाही वेळ लागू नये. एकदा केलेल्या नोंदी वाऱ्यावर सोडूनही चालत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत गार्डिओ या सुरक्षा कंपनीने उघड केले की नामांकित संस्थांच्या एसपीएफ यादीत अशा जुन्या डोमेनचे उल्लेख राहून गेले होते ज्यांची मुदत संपली होती. लबाडांनी ती डोमेन विकत घेतली आणि त्या संस्थांच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार आयताच मिळवला. दिलेला अधिकार काढून घ्यायला विसरणे हेही नाव उघडे टाकण्यासारखेच आहे.

ज्यांच्या हाती एखाद्या संस्थेचे, मंडळाचे, शाळेचे, देवस्थानाचे किंवा स्वतःचे डोमेन आहे त्यांनी या आठवड्यात त्याच्या डीएनएसमधल्या टीएक्सटी नोंदी, म्हणजे या ओळी जिथे असतात त्या, उघडून पाहाव्यात. त्या डोमेनवरून पत्रे जात नसतील तर आजच तसे लिहून टाकावे. जात असतील तर पाठवणाऱ्या प्रत्येक सेवेची यादी करावी, एसपीएफची ओळ दहा डीएनएस चौकशांच्या मर्यादेत बसवावी, 2048 बिटांच्या किल्लीने डीकिम सुरू करावे, डीमार्क 'नन'वर ठेवून काही आठवडे अहवाल वाचावेत, राहून गेलेले आपले सर्व्हर यादीत आणावेत आणि मग 'क्वारंटाइन'मार्गे 'रिजेक्ट'वर जावे. स्वतःला जमत नसेल तर डोमेन ज्यांच्याकडून घेतले त्यांना विचारावे. हे काम त्यांना येते.